तारेचा ठिपका

पोलिसातल्या नोकरीतल्या कितीतरी केसेस आता एकमेकांत मिसळून गेल्या. टेबलावर ओतलेला तो क्लॅम्पचा ढीग मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. कोल्हापुरात आमच्या हद्दीतल्या औद्योगिक वसाहतीत झिंक प्लेटिंगचा एक छोटा कारखाना होता. लोखंडी सुटे भाग गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर जस्ताचा थर चढवायचा, हे तिथलं काम. मालकाने तक्रार दिली, दोन पोती क्लॅम्प चोरीला गेले. संशय मिस्त्रीवर, कारण किल्ल्या त्याच्याकडे. वीसेक वर्षं जस्त चढवायच्या त्याच टाकीवर राबणारा, पिढ्यान्‌पिढ्या कारागिरी करणाऱ्या मुसलमान घरातला माणूस.

चार दिवसांत खबऱ्याचा निरोप आला : गगनबावड्याच्या एका गॅरेजात तसलेच क्लॅम्प आलेत. आम्ही गेलो. पोती बाहेर पावसात भिजत पडली होती. पंचनामा केला, माल जप्त केला. गॅरेजवाला म्हणाला, "एका टेम्पोवाल्यानं दिलं, पावणं. नाव न्हाय ठावं." क्लॅम्पवरचा छाप मालकाने ओळखला. मी मनातल्या मनात दोषारोपपत्र लिहूनही टाकलं!

मिस्त्रीला चौकशीला बोलावलं. जप्त पोती टेबलावर ओतून आवाज चढवला. गडी एक क्लॅम्प उचलून खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "साहेब, ह्यो माल आमच्या टाकीतला न्हाय."

"चोर असंच म्हणतो."

"म्हणू दे की. पर हितं बघा." त्याने नखाने एक बारीक तांबूस ठिपका दाखवला. "तारेला टांगून टाकीत सोडत्यात. तार टेकती तितं जस्त चढत न्हाय, मग तितंच गंज धरतोय. मी अर्ध्यात तार हलवून जागा बदलतो. माझ्या कामात ठिपका ऱ्हात न्हाय."

ढिगातला प्रत्येक क्लॅम्प मी उलटापालटा केला. सगळ्यांवर ठिपका! माझी चांगलीच जिरली. पण नुसत्या बोलण्यावर कसा विश्वास ठेवणार? पंचांना घेऊन कारखान्यात गेलो आणि त्याच्याकडून आमच्यासमोर दहा क्लॅम्प करून घेतले. एकावरही तारेखालची जागा उघडी राहिली नव्हती.

"जा घरी," मी म्हणालो.

"न्हाय जात. सोडलासा म्हणून गल्ली काय म्हणणार? सुटला, पर चोरच. खरा कोण ते हुडका, मग जातो." आणि खरंच, तो ठाण्यात परत येऊन बाकावर बसला. बायकोने डबा आणून दिला. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लाज वाटली मला.

क्लॅम्प खिशात घालून वसाहतीतले इतर प्लेटिंगवाले पालथे घातले. तिसऱ्या ठिकाणचा कारागीर सहज बोलून गेला, "ही आमच्याच तारेची खूण की! टेम्पोवाला कच्चा माल टाकून गेलता." टेम्पोचा नंबर मिळाला. टेम्पो निघाला तक्रारदार मालकाच्या सख्ख्या मेहुण्याचा! कारखान्याकडे आणायच्या मालातली दोन पोती त्याने वाटेतच उतरवली, दुसरीकडे जस्त चढवून घेतलं आणि गॅरेजला विकली होती. माल पोचल्याचं चलन मेहुण्याचं, म्हणून मालकाने पोती न मोजताच सही ठोकलेली. ठिपक्याचा आणि बिनठिपक्याचा असे दोन्ही क्लॅम्प समोर ठेवल्यावर मेहुणा अर्ध्या तासात कबूल झाला.

मिस्त्रीला कळवलं, तर म्हणतो, "आता कारखान्यात येऊन सगळ्यांसमोर सांगा." पारा चढला माझा. पण मुद्दा त्याचाच खरा होता. वर्दीत गेलो, कामगार गोळा केले आणि स्पष्ट बोललो, "यांनी चोरी केलेली नाही. मी चुकलो." मालकाने खाली मान घालून काढून घेतलेल्या किल्ल्या परत दिल्या. मिस्त्रीने त्या कमरेला खोचल्या आणि तो टाकीकडे वळला.

किल्ल्या कोणाकडे आहेत एवढ्यावरून माणूस चोर ठरवायचा नाही, हे मला निवृत्तीच्या तोंडावर एका प्लेटिंगवाल्याने शिकवलं. आता आमच्या ओळखीचा घरोबा झाला आहे. राजारामपुरीतल्या माझ्या फाटकाची कडी त्यानेच मुलामा देऊन आणली. दर पावसाळ्यानंतर मी चष्मा लावून त्या कडीवर ठिपका शोधतो. बायको हसते, "सापडला का हो चोर?" अजून तरी सापडलेला नाही.