टोकावड्याच्या पुढे, काळूरामच्या घरी

परतीचा प्रवास मी या ब्लॉगवर कधी लिहीत नाही. परतताना बॅगेत मळलेले कपडे असतात आणि डोक्यात ऑफिस, त्यात लिहिण्यासारखं काय असणार? या वेळी मात्र फक्त परतीचंच लिहिणार आहे. पूर्वेच्या समुद्राकाठचे आठ दिवस, तिथली देवळं, कुठे राहावं आणि काय खावं, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. ते माझ्याकडून आता होणार नाही. गाडी कुठली, अपघात कुठे झाला, तेही सांगत नाही. झेंडे अर्ध्यावर उतरले तेव्हा तुम्हीही टीव्हीसमोर होतातच.

अपघाताच्या दिवशी दुपारी एका मोठ्या जंक्शनवर आमची गाडी बराच वेळ थांबली होती. मी एसी डब्यातून उतरून चहा घेत होते आणि फोनवर दत्ताशी, म्हणजे किन्हवलीला राहणाऱ्या माझ्या भावाशी बोलत होते. पुण्यात वीस वर्षं काढली, तरी त्याच्याशी बोलताना माझं ‘नाय’ परत येतं. नळावर बाटली भरणारा एक माणूस वळून बघत राहिला. फोन ठेवल्यावर जवळ आला.

“तुमी शहापूरकडच्या का?”

त्याचं नाव काळूराम. मुरबाड तालुक्यातला, टोकावड्याच्या पुढे डोंगराखालच्या ठाकरवाडीतला. केबलसाठी चर खणायच्या कामावर चार महिने होता. लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलं म्हणून एकटाच घरी निघाला होता, पुढच्या जनरल डब्यातून. फोन बंद पडलाय, घरी एक फोन लावून द्याल का, असं त्याने विचारलं. मी लावून दिला. तो बायकोशी दोन मिनिटं बोलला, बराचसा भाताबद्दल आणि मधेच हसून. गाडीने भोंगा दिला तसा पुढे धावत गेला.

चार वाजता अपघात झाला. आमचा डबा नुसता कलला. माझ्या कपाळाला तीन टाके पडले, बाकी काही नाही. पुढचे डबे एकमेकांवर चढले होते.

बाहेर आल्यावर मी पुढे चालत गेले. रुळांच्या कडेला जखमींना ओळीने झोपवलं होतं आणि त्यांत काळूराम होता. कमरेखाली त्याच्यावर ताडपत्री टाकली होती. त्याने मला ओळखलं आणि पाणी मागितलं. मी माझ्या बाटलीतून पाजलं. “जाऊ नका, बाय,” तो म्हणाला. डॉक्टर घेऊन येते, असं सांगून मी उठले. रस्त्यावर आरक्षण असलेल्यांसाठी बस लागली होती आणि एक माणूस यादीतून नावं वाचत होता. माझं नाव आलं. तिथे एक जखमी आहे, आमच्याकडचा आहे, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, सगळ्यांना नेणार आहेत मॅडम, तुम्ही बसा. मी बसले.

मला कोणी ढकललं नव्हतं. बस सुटायला अजून दहा मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी ज्या शाळेत आम्हाला ठेवलं होतं, तिथल्या भिंतीवर मृतांचे फोटो लावले. खाली नावं नव्हती, नुसते नंबर. काळूराम एकाहत्तर नंबरला होता. मी टेबलावरच्या माणसाला नाव, वाडी, तालुका, जिल्हा, घरचा फोन, सगळं लिहून दिलं. त्याने ते वाचून दाखवलं आणि घरी कळवतो म्हणाला. त्यानंतर माझ्या मनावरचं ओझं हलकं झालं. आता ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

विशेष गाडीने आम्हाला चौथ्या दिवशी सकाळी कल्याणला आणलं. फलाटावर गुलाबाची फुलं, पाण्याच्या बाटल्या आणि कॅमेरे. मला कसं वाटतंय, असं एका मुलीने तीनदा विचारलं. देवाची कृपा, असं काहीतरी मी बोलून गेले. दुपारपर्यंत ते सगळीकडे दाखवून झालं होतं. फलाटावरच माझा फोन वाजला. नंबर मी ओळखला.

“बाय, ते अजून आलं नाय. तुमी पोचल्या का? गाडी लेट हाय का?”

चार दिवसांत त्या घरात कोणी काही कळवलं नव्हतं. वाडीत टीव्ही नाही, आणि असता तरी एकाहत्तर नंबरचं नाव कोण सांगणार होतं? मी फोनवर एवढंच म्हणाले, की मी येते.

तिकडे जायचं असेल, तर कल्याणहून मुरबाडमार्गे टोकावड्याची एसटी थेट मिळते आणि बायकांना तिकीट अर्धं लागतं. मी ती पकडली नाही. लोकलने आसनगावला उतरून दत्ताला बरोबर घ्यायचं, असं मी स्वतःला समजावलं. एकटीने जायची हिंमत नव्हती, इतकंच.

आसनगावहून रिक्षाने शहापूरला आले. नाक्यावर फ्लेक्स लागला होता. मृतांना भावपूर्ण श्रद्धांजली, असं वर बारीक अक्षरांत, आणि खाली हात जोडलेले अकरा चेहरे, एकापेक्षा एक तुकतुकीत. शेजारच्या दुसऱ्या फ्लेक्सवर मी होते. तालुक्याची लेक सुखरूप परतल्याबद्दल अभिनंदन! फोटो माझ्या याच ब्लॉगवरून उचललेला, समुद्राकडे बघून हसणारा. दत्ता त्याच्याखालीच मोटरसायकल घेऊन उभा होता. घरी चल, आई वाट बघते, म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने गाडी वळवली.

शहापूर ते किन्हवली आणि पुढे सरळगावचा रस्ता मोटरसायकलला चांगला आहे, मधे थोडे खड्डे. दोन्हीकडे भात पिवळं झालेलं, हवेत त्याचा गोडसर वास. सरळगावला आम्ही वडापाव खाल्ला. मी दोन खाल्ले. भूक लागली होती.

टोकावड्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून वीस मिनिटं चालावं लागतं. काळूरामची बायको हिरू शेतात भात कापत होती, सासरे चांगोबाबा पेंढ्या बांधत होते. आम्हाला बघून ती विळा घेऊनच बांधावर आली. माझ्या कपाळावरची पट्टी तिने बघितली, मग मागच्या वाटेकडे बघितलं, आणखी कोणी येतंय का ते.

मी सांगितलं. ती खाली बसली. चांगोबाबांनी मात्र हातातली पेंढी बांधून पूर्ण केली, मग आडवी टाकली आणि तिच्यावरच बसून मोठ्याने रडायला लागले.

बऱ्याच वेळाने हिरूने विचारलं, तो लगेच गेला का. ‘हो’ म्हणून सुटता आलं असतं. दत्ताने माझा हात दाबलाही. पण मी खरं ते सांगितलं. पाणी, ताडपत्री, तो काय म्हणाला ते, बस आणि ती दहा मिनिटं.

हिरूने मान वर केली नाही. “शुद्धीत होता?”

“हो.”

“मंग तो तुमची वाट बघत रायला असंल.”

 

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं मुरबाडच्या सरकारी कचेरीत गेलो. साहेबांनी मला टीव्हीवर पाहिलं होतं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, कपाळाची चौकशी केली. हिरू आणि चांगोबाबा दारात उभे होते, आणि ते माझ्या लक्षात आलं तेव्हा माझा अर्धा चहा पिऊन झाला होता. आधारवर नाव ‘काळू’ आणि मी लिहून दिलेलं ‘काळूराम’, म्हणून मृतदेह ताब्यात घ्यायचं पत्र अडलं. वाडीतला दाखला, पोलीसपाटलाची सही, पुन्हा झेरॉक्स. तिसऱ्या दिवशी पत्र मिळालं आणि दत्ता काळूरामच्या धाकट्या भावाला घेऊन तिकडे निघाला.

ते पोचण्याच्या आदल्या दिवशी एकाहत्तर नंबरला बेवारस म्हणून अग्नी दिला होता. मी लिहून दिलेला कागद फाइलला टाचलेला होता. दत्ताने तो स्वतः पाहिला. वाडी, तालुका, जिल्हा, फोन, सगळं माझ्या अक्षरात. अस्थींच्या मडक्यावर एकाहत्तर आकडा खडूने लिहिला होता, तो प्रवासात पुसला गेला.

अस्थी आल्या त्या दिवशी मी वाडीत गेले. शहापूरला त्याच संध्याकाळी माझा सत्कार ठरला होता. तो मी रद्द करायला लावला, तर संयोजक म्हणाले, मग आमच्या फ्लेक्सचं काय?

विधी झाल्यावर हिरू मला पायवाटेपर्यंत सोडायला आली. मी काहीबाही बोलत होते. तिच्या मुलीच्या शाळेचं बघेन, दर महिन्याला येत जाईन, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं.

“तुमी खोटं बोलल्या नाय, ते बरं केलंत,” ती म्हणाली. “पण परत येऊ नका. तुमाला बघितलं का मला तो हाका मारताना दिसतो.”

पुण्यात येऊन आता दोन महिने झाले. टाक्यांचा व्रण केसांत लपतो. दत्ता अधूनमधून वाडीत जातो, भात झोडायलाही गेला होता. हिरूच्या मुलीला टोकावड्याच्या शाळेत घातलंय, ते त्याच्याकडूनच कळलं. गेल्या आठवड्यात मैत्रिणींची माळशेजला जायची टूम निघाली, आणि तो रस्ता टोकावड्यावरून जातो. मी येत नाही म्हणाले. का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं.  एक जण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, तुझा काही दोष नाही गं, तू तरी काय करणार होतीस?

थांबणार होते. दहा मिनिटं होती माझ्याकडे.