पंचवीस पूर्ण होईपर्यंत

शोभना कारखानीसला गाडी चालवायची तीळमात्र हौस नव्हती. चार वेळा टेस्टमध्ये नापास झाल्यावर तिने कानाला खडा लावला होता. दुबईच्या जुमेऱ्यात, समुद्राकाठच्या एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत, तिचं बरं चाललं होतं. पण नव्याण्णव साली ईशानीने, तिच्या लेकीने, अठरा पूर्ण होताच पहिल्याच टेस्टमध्ये लायसन्स आणलं आणि घरात तमाशा सुरू झाला.

ईशानीला आर्किटेक्चर शिकायचं होतं. कॉलेज शारजात. ड्रॉइंगचा स्टुडिओ संध्याकाळी सातपर्यंत आणि कॉलेजची बस सुटायची दोनला. म्हणून शोभनाच्या नवऱ्याने, राजाभाऊंनी, लेकीसाठी आठ हजार दिरहमची जुनी गाडी घेतली. मग इन्शुरन्सच्या काउंटरवरच्या बिलकीसने त्यांना आकडा सांगितला.

"तीन हजार!" घरी येऊन राजाभाऊ ओरडले. "म्हणजे पस्तीस हजार रुपये! का, तर ड्रायव्हर पंचवीसच्या आतली. वर कुठे ठोकलं तर दुरुस्तीचे पहिले दीड हजार आपलेच. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला!"

"मग पोरीने रोज पोहत यावं का शारजाहून?" शोभना म्हणाली.

राजाभाऊ बायकोकडे बघू लागले. एकवीस वर्षांच्या संसारात त्या नजरेने तिचं कधी भलं केलं नव्हतं.

"तू पंचेचाळीसची आहेस," ते म्हणाले. "तुझ्या वयाला निम्मा रेट आहे, मी विचारून आलोय. तू लायसन्स काढ, तूच तिला ने-आण कर."

"अहो, नापास होऊन होऊन तो टेस्ट घेणारा पोलीस मला नावाने ओळखतो!"

पण पोरीसाठी ती उठली. रोज भर दुपारी ड्रायव्हिंग क्लासच्या पठाण मास्तरांच्या शेजारी बसून, "अम्मा, शीशा देखो!" हे ऐकत घामाघूम व्हायची. पाचव्या टेस्टला आरसा बघितला नाही म्हणून नापास, सहाव्याला आरसाच बघत बसली म्हणून नापास. सातव्याला पोलिसाने गाडी थांबवून नुसता हात केला, "खलास." क्लासची फी केव्हाच तीन हजारांवर गेली होती. तोवर ईशानी कधी मैत्रिणीच्या गाडीतून रात्री, कधी स्टुडिओ बुडवून दोनच्या बसने घरी यायची. दारातल्या गाडीला खाऱ्या हवेने गंज धरला. शोभना तिच्यावरून फडकं फिरवायची आणि राजाभाऊंच्या हिशेबीपणाचा उद्धार करायची.

एप्रिलमध्ये, आठव्या टेस्टला, ती पास झाली. बर दुबईच्या देवळात नारळ फोडून, ईशानीला घेऊन ती टॅक्सीने थेट बिलकीसपुढे उभी राहिली.

"आंटी, लायसन्स तो नया है," बिलकीस म्हणाली. "एक साल पूरा होने तक आपका भी वही तीन हजार."

"अरे, मैं पैंतालीस की हूँ!"

"सर ने उमर ही पूछी थी, आंटी. मैंने पूछा, मॅडम के पास लायसन्स है ना? सर बोले, इन्शाल्ला."

शोभनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात महिने! हे गृहस्थ ऑफिसात पैशाचा हिशेब तीनदा तपासतात आणि बायकोच्या जिवावर इन्शाल्ला म्हणतात! तिने पर्समधून पैसे काढून काउंटरवर आपटले.

"लिखो. ईशानी कारखानीस. तीन तो तीन."

"आई, डोंट," ईशानी हळूच म्हणाली. "आय डोंट नीड इट नाऊ. आय ड्रॉप्ड स्टुडिओ इन जॅन्युअरी. आय ॲम इन कॉमर्स. बाबा साइन्ड द फॉर्म."

"आणि मला कुणी सांगायचं?"

"बाबा सेड, आईची टेस्ट आहे, शी'ल गेट अपसेट."

बिलकीसने पेन उचललं. "तो आंटी, किसका नाम लिखूँ?"

शोभनाने बोटांवर महिने मोजले. जानेवारीपासून पोरगी रोज दोनच्या बसने, उन्हाचीच घरी येत होती. आणि त्या वेळेला शोभना क्लासला असायची.