इंटिग्रिटीचा तास

दहावीला इंग्रजीत मला पस्तीस मार्क पडले, तेव्हा मोहोळपर्यंतचे पेढे संपले होते. त्याच विद्वत्तेच्या जोरावर अक्कलकोट रोडच्या एका चादरीच्या कारखान्यात मी चेकर होतो, आणि मालकांचा इंग्रजीतला सल्लागारही. परदेशी गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून मालकांनी भिंतीवर हत्तीएवढ्या अक्षरांत 'इंटिग्रिटी' रंगवून घेतलं आणि मला म्हणाले, "कामगारांना अर्थ सांगून ठेव. कुणी विचारलं तर तोंड बघत बसायला नको."

डिक्शनरीत नुसतं 'सचोटी' होतं. एवढ्यावर माझं कसं भागणार? जेवणाच्या सुट्टीत माग बंद झाल्यावर मी तासभर बोललो. सुट्टी अर्ध्या तासाची होती. कुणी बघत नसतानाही नीट वागायचं, त्याला इंटिग्रिटी म्हणतात, असं सांगून वाक्यात उपयोग करून घेतला. "आमी इंटिग्रिटीनं काम करतो!" सगळे इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या टॉवेलवाल्यांचे माग दचकून थांबले.

आमच्यातले सगळ्यात जुने विणकर म्हणजे काका. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. डबा बंद करत ते म्हणाले, "मास्तर, एक वाक्य मी करू? काल माझ्या चादरीचा दोरा चेकरनं इंटिग्रिटीनं काढला. बरोबर हाय का?"

हशा पिकला. मी सोडून.

विणताना चूक झाली की काका तिथंच काठाला लाल दोरा बांधायचे, चेकरला शोधावं लागू नये म्हणून. काल माल कमी पडत होता. मी दोरा उपटला आणि चादर पास करून गठ्ठ्यात सरकवली.

"जाईल की काका. कोण बघतंय?" मी हळूच म्हणालो.

"चादरीवर नंबर माझा हाय. दोरा न्हाय म्हणजे मी चूक लपवली, असंच होतंय की. आजवर लपवली न्हाय."

टेम्पो दारात उभा होता. ती चादर शोधायला आम्ही गठ्ठे फोडले. सव्वा लाख चादरी उलगडल्या असतील. टेम्पोवाला तीनशे म्हणतो, पण त्याला मोजता येत नाही. शेवटी चूक सापडली ती काकांच्या बोटांना. चादर बाजूला ठेवून ते मागाकडे गेले.

मालक तणतणत आले. "टेम्पो का थांबलाय?"

माझ्याकडे सहा उत्तम कारणं तयार होती. एकात तर उसाची ट्रॉली उलटत होती. मी म्हणालो, "काकांनी खुणेला बांधलेला दोरा मी काढला होता. चूक माझी."

मालकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आता खरं काय ते सांग."

मी पुन्हा तेच सांगितलं. मग ते काकांना विचारायला आत गेले.