दादाची तीन बोटं

माझ्या थोरल्या भावाची, दादाची, उजव्या हाताची तीन बोटं अपघातात गेली, असं आमच्या घरात अजून सांगतात. साफ खोटं. ती मी घालवली, आणि तीही डॉक्टरेट करावी की नाही, या वादात.

आमचं घर मारकुटंच. वडील होते तेव्हा बोलण्याआधी हात चालायचा. ते गेले, पण सवय राहिली. दादाने चौथीतून शाळा सोडून मोट धरली, म्हणून मी नागपूरला एम.ए.पर्यंत पोचलो. परत आलो तो खिशात दोन पत्रं घेऊन. एक खंडव्याच्या शाळेचं, जूनपासून मास्तर म्हणून रुजू व्हा. दुसरं माझ्या प्राध्यापकांचं. बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यावर प्रबंध लिही, तीन वर्षं लागतील, शिष्यवृत्तीचं मी बघतो. साहेबाचं राज्य होतं. कॉलेजातल्या वरच्या जागा विलायतेहून आलेल्यांना मिळायच्या. डॉक्टरेट असली तर आपल्यासाठीही दार किलकिलं होईल, असं त्यांचं म्हणणं. आणि नाही झालं तर? तीन वर्षं पाण्यात, खंडवाही हातचं गेलेलं. आठ दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत फिरलो. वहिनीने वाढलेलं ताट एकदा भिंतीवर भिरकावलं.

नवव्या दिवशी दादा मला बहादरपूरच्या वाटेवरच्या आमच्या शेतात घेऊन गेला. मोट ओढायचा जाड दोर, नाडा, चाकावरून सारखा निसटत होता. बैल जुंपलेलेच होते. दादा विहिरीच्या काठावर वाकून नाडा चाकावर बसवत होता. मी बैलांपाशी, आसूड माझ्या हातात.

"किती साल?" त्याने न बघता विचारलं.

"तीन."

"कायचं शिकशील?"

"कुंडी भंडाऱ्याचं. जमिनीखालून पाणी कसं आणलं, ते."

तो खो खो हसला. "वा रे वा! आपली विहीर चालली आटत, अन् हा तीनशे वर्षामागचं पाणी शोधतो! मास्तरकी पदरात पडली ते घे ना भो. मले एकच सांग, त्या डॉक्टरेटनं तुले असं काय येईल, जे आज येत नाही?"

आठ दिवस मी स्वतःला तेच विचारत होतो, आणि चौथी शिकलेला माणूस चिखलात उभा राहून नेमकं तेच विचारत होता. तळपायाची आग मस्तकात गेली. आसूड त्याच्या पाठीवर ओढावा असं वाटलं. मी तो बैलाच्या पाठीवर ओढला.

दादाचा हात चाकावर होता आणि तो मला दिसत होता. हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

बैल उतारावर उधळले. नाडा ताणला आणि बोटं दोर नि चाकाच्या मध्ये सापडली. तसा ओरडलेला माणूस मी पुन्हा ऐकला नाही. बैल आवरले तोवर हाडांचा चुरा झाला होता. गाडीत घालून त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं, तिथे तीन बोटं कापली. आई रडत म्हणाली, "बैल बिथरला असेल." दादा डोळे मिटून म्हणाला, "हो. बैल बिथरला."

मी दोन्ही पत्रांना नकार कळवला. खंडवा नको, डॉक्टरेट नको. दादाच्या जागी मोट मी हाकणार. मनात म्हटलं, फिटलं एकदाचं.

महिन्याभराने दादा हाताला चिंध्या गुंडाळून शेतावर आला. माझ्या हातातला आसूड हिसकावला आणि डाव्या हाताने मला फोडून काढलं. नेम लागत नव्हता. एक फटका मानेवर, एक कानावर, एक तोंडावर. ओठ फाटला, मी हात वर केला नाही.

"बैलाले कायले मारलं? मले मारायचं होतं ना तुले?" तो धापा टाकत होता. "तू पाहत होता. मी पाहिलं तुले पाहताना. अन् आता इथं रोज माह्यासमोर पुण्य कमवतो? तुह्या तोंडाकडं पाहून घास उतरत नाही माह्या गळ्याखाली. जाय! होय तिकडं डॉक्टर!"

गेलो. प्राध्यापकांनी माझा नकार मनावर घेतला नव्हता. डॉक्टरेट झाली, कॉलेजात जागा मिळाली, पुढे विभागाचा प्रमुख झालो. पोरं येऊन विचारतात, सर, एवढी वर्षं घालवून फायदा होतो का? मी होतो म्हणतो. मला तर भरपूर झाला.

पदवी मिळाल्यावर मी पहिल्यांदा शेताकडे गेलो, तर दादा बांधावर आडवा आला. डाव्या हातात धोंडा होता. "तिथंच थांब," म्हणाला, "एक पाऊल पुढं आला तर डोकं फोडीन." तो जिवंत असेतो त्या शेतात मी पाय ठेवला नाही.