आस्मानं उघडलेला डेटाबेस

मंडळी, आज लई जळलो.

लातुरात एका क्लासच्या ऑनलाइन परीक्षेसाठी, मोबाइलसारख्या एआरएम चिपवर चालणाऱ्या छोट्या मशीनचं लिनक्स बांधून राहिलोय. त्यातली सॉफ्टवेअरची पॅकेजेस माझ्या इंटेलच्या पीसीवरून टाकली, पण त्या लिनक्सच्या आत शिरून बघितलं तर काय काय टाकलंय त्याची नोंद ठेवणारा पॅकेजचा डेटाबेसच उघडेना. दुपारपर्यंत डोकं आपटलं.

शेवटी नांदेडच्या आस्माला फोन केला. आम्ही एकाच कोचिंगचे. तेव्हाही पहिला नंबर तिचाच.

"अरे, तुझ्या पीसीवरचं आरपीएम, पॅकेजेस टाकणारं ते टूल, नवं हाय, आतलं जुनं. नव्यानं लिहिलेलं जुन्याला वाचता येत न्हाई. बाहेरून एक्स्पोर्ट कर, आत इम्पोर्ट कर," ती चहाचे भुरके मारत बोलली.

एंटर दाबताना मी मनात म्हणत होतो, एरर येऊ दे, एकदा तरी हिचं चुकू दे.

आली नाही. काम माझं होतं, आणि ते झालं याचं वाईटही मलाच वाटलं. तुमचंबी होतं का असं, का मीच एकटा?