जावंच्या कळपातून निघताना

ट्रक थांबला, त्याच्यामागं यस्टी थांबली, आन् माझी मेंढरं बीच रस्त्यात उभी. पुढं जाईनात, मागं हटंनात. पाठीला लेकरू बांधलेलं, ते रडून राहिलं, ट्रकवाला हारन दाबून राहिला, आन् आमचे मालक पलीकडून वरडून राहिले, "हाक की! हाक!" काय हाकू? काठी आपटली, हुर्र केलं, चुचकारलं. एक मेंढी माघारी वळली. ती वळली का समदी वळली. आन् निघाली कुठं, तर खाली ओढ्याच्या अंगाला, जिथं माझ्या थोरल्या जावंचा कळप चरून राहिला होता.

मी घाबरले. मेंढरं गाडीखाली जातील म्हणून, का आता जाव हे बघंल म्हणून, ते मला अजून सांगता येत न्हाई.

कनेरगाव नाक्याच्या अलीकडं झालं हे, उन्हाळ्यात. आमी वेगळं होऊन थोडेच दिवस झाले होते.

आमचं काम असं, का रानं मोकळी झाली का आमी कास्तकाराच्या वावरात रातीला मेंढरं बसवतो. लेंड्यामुताचं खत त्याच्या वावराला, आन् त्याच्या बदली जवारी आमाला. आदी दोघा भावांचा कळप एकच होता. कोणाच्या वावरात बसायचं, किती जवारी घ्यायची, हे ठरवायची थोरली जाव. तिच्या तोंडात साखर. ती वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभी राहिली का कास्तकारीण आतून खाट आणायची. बसा बसा, च्या घ्या. मी लेकरू घेऊन तिथंच उभी, मला कोणी बस म्हणलं न्हाई. मी बी माणूसच हाये ना? सहावीपस्तोर शिकले, हिशेब करता येतो. तिला तर अंगठाच हाये.

जवारी आली का ती माप घेऊन वाटून द्यायची. मला वाटायचं हिनं एकदा तरी माप मारावं, म्हंजी मला भांडता येईल. पण ती माझं माप शिगोशीग भरायची. मग तर अजूनच जळायचं माझं.

आन् आमचे मालक. काहीबी इचारलं का, "वैनी म्हणंल तसं." मी भाजी काय करू इचारलं तरी वैनी. एकदा मी म्हणले, "मग वैनीच्याच हातचं खा." तर म्हणले, "खातोच की, तिच्या भाकरीला पापुद्रा येतो."

माझं लेकरू झालं तवा एका कास्तकारणीनं आंगडं-टोपडं शिवून आणलं. लाल, झालर लावलेलं. ते दिलं कोणाच्या हातात? जावंच्या. लेकरू माझं, कळा म्या दिल्या, आन् आंगडं तिच्या हातात. ती हसत माझ्याकडं आली, "घे, तुझ्या राजाला आलं." मी घेतलं. पण त्याच दिवशी ठरवलं, का आता बाहीर पडायचं.

पण भ्याव वाटायचं. एकट्यानं कसं निभावंल? लेकरू लहान, मालक असे भोळे. इतक्यात एक दिवस नाक्यावर गिरणीत दळण घेऊन गेले. बाजूच्या हाटेलात दोघं-तिघं पेपर वाचून भांडून राहिले होते. एक जण धोतरवाला, एक चष्म्यावाला. चष्म्यावाला म्हणे, देशानं त्या जागतिक व्यापार करारात राहूच नाही. बाहेरून तेल येऊन राहिलं, कापूस येऊन राहिला, लोकर येऊन राहिली, आपल्या मालाला कोणी इचारत न्हाई. निघावं बाहीर!

लोकर म्हणल्यावर मी कान दिला. आमची लोकर त्या साली घोंगडीवाल्यानं घेतलीच न्हवती.

धोतरवाला म्हणे, "निघशील, पण मग इकशील कोणाला? बाकीचे समदे एका बाजूला, तू एकटा एका बाजूला. एकेकाच्या दारात जाऊन भाव करावा लागंल. तुझं ऐकंल का कोणी?"

"ऐकतील! आपला देश काय लहान हाये?"

"लहान न्हाई. पण एकटा."

त्यांनी मला बघितलं, आन् चष्म्यावाला मस्करीत म्हणला, "काय व बाई, तू सांग. देशानं निघावं का ऱ्हावं?"

मी म्हणले, "त्या करारात थोरली जाव कोण हाये?"

समदे हसले. धोतरवाल्याला तर ठसका लागला. पण मी काही मस्करी केली न्हवती. मला खरंच इचारायचं होतं. तिथं बी कोणीतरी आसंलच ना खाटंवर बसणारं.

मग आमी जावंच्या कळपातून निघालो. मेंढरं वाटली, आमच्या वाट्याला गेरूचा पट्टा मारला. समदं बराबर झालं. आन् राहिला म्होरक्या.

म्होरक्या म्हंजी बोकड. मेंढराला स्वताची अक्कल नसती, पुढच्याच्या मागं जाती. म्हणून कळपात एक शिकवलेला बोकड पायजे. तो रस्त्यात घुसला का समदी घुसतात, तो पाण्यात उतरला का उतरतात. एकच होता, आन् तो जावंच्या माहेरचा. ती म्हणली, "याचं काय करायचं?" मी फाडकन म्हणले, "तुमचं माहेर तुमच्यापाशी ठेवा." मालक काही बोलाय गेले, मी डोळे वटारले.

वेगळं झाल्यावर मी स्वता भाव करायला गेले. कास्तकार म्हणतो, "एवढी जवारी? तुझी जाव यापेक्षा कमीत बसवती." मी कमी केली. मागून कळलं, त्यानं तिकडं जावंला सांगितलं, का धाकटी कमीत बसवून राहिली. तिनं बी कमी केली. दोघींनीबी रानं खतवली आन् कास्तकार मिशीत हासला. तरी मला एक वाटलंच, का बरं झालं, तिचीबी कमी झाली.

आन् मग तो रस्ता.

मेंढरं ओढ्याकडं पळाली आन् तिच्या कळपात मिसळली. मी पळत खाली गेले, पदर कुठं, काठी कुठं. ती काठीवर हनुवटी टेकून उभी. म्हणली, "काय व, रस्ता इकत घेतला का? यस्टी थांबवून ठेवली ती."

मला दम लागला होता. तिनं गेरूवाली मेंढरं मोरं लोटली, म्होरक्याला चुचकारलं. तो गळ्यातली घाटी वाजवत वर गेला, रस्ता पार केला, आन् माझी समदी मेंढरं, माझी, सरळ रांगंत त्याच्या मागं गेली. यस्टीतल्या बाया बघून राहिल्या. एक म्हणली, "बाई हुशार हाये." तिलाच म्हणली.

पलीकडं गेल्यावर जाव म्हणली, "अवं, ये माघारी. दोघी मिळून आपलंच नुकसान करून राहिलो. न्हाई तर म्होरक्या घेऊन जा, मी दुसरा शिकवते."

मालकानं तर काठी खांद्यावर घेतलीबी, तिच्या कळपाकडं तोंड करून.

मी म्हणले, "येते बाई. पण एका कास्तकाराशी तुमी बोला, एकाशी मी बोलते."

ती हासली. वाईट न्हाई हासली, लेकराला हासावं तसं हासली. "दोन तोंडानं भाव होतो का? तू लेकराला सांबाळ. मी हाये ना."

मी हाये ना. ती नेहमी हेच म्हणायची.

मी म्हणले, "मग ऱ्हाऊ द्या. म्होरक्याबी ऱ्हाऊ द्या." आन् मेंढरं वळवून पुढं निघाले. मालक लई येळ जागीच उभे होते, मग आले मागून.

आता रस्ता आला का मालक एका मेंढीला कान धरून वढत नेतात, बाकीच्या तिच्या मागं जातात, कधी जातात, कधी न्हाई जात. गाडीचा आवाज आला का मी पाठीवरचं लेकरू गच्च धरते. जवारी कमी येती. मालक बोलत न्हाईत. पण धुऱ्यावर उभं राहून भाव मी करते.

माझ्या मनाला अजून वाटतं, जावं माघारी. आन् ती दिसली का वाटतं, नगं.

त्या रस्त्यावर, लेकरू पाठीला बांधून, तुमी माझ्या जागी आसत्या, तर तुमी काय केलं आसतं?