केसपेपरावरचा शब्द

१९६४ च्या उन्हाळ्यात धोंडिराम मास्तर आपल्या बहिणीला, बनाबाईला, आणि आईला घेऊन वडूजहून मिरजेच्या दवाखान्यात आला. दोन महिने तिचा ताप हटत नव्हता. मास्तर म्हणजे बौद्ध वस्तीतला पहिला मॅट्रिक. कुणाला इंग्रजी कागद आला, की तो वाचायला त्याच्याकडंच यायचा.

चौथ्या दिवशी डॉक्टर केसपेपरावर काहीतरी खरडून पुढच्या खाटेकडं गेले. आईनं, बायडाबाईनं, कागद लेकापुढं धरला. ‘डिसेमिनेटेड’ एवढंच त्याला लागलं. पुढची अक्षरं लागेनात. आणि लागलेल्या शब्दाचाही अर्थ येईना. शेजारच्या खाटेवरची माणसंसुद्धा त्याच्या तोंडाकडं बघत होती.

“अशक्तपणा हाय,” तो म्हणाला.

आईचा जीव भांड्यात पडला. अशक्तपणाच असेल तर दूध-अंडी घरीही मिळतील म्हणत ती गाठोडं बांधायला लागली. संध्याकाळी सहाची एसटी होती.

मास्तर बाहेर आला. आवारात फेऱ्या मारल्या. डॉक्टर आता उद्याच भेटणार होते. शेवटी शब्दाचा अर्थ बघायला त्यानं बस धरून सांगली गाठली, तर तिथलं वाचनालय चारला उघडणार होतं. तासभर तो त्या पायऱ्या चढत-उतरत राहिला. एकदा स्टँडपर्यंत जाऊन परत आला.

दार उघडताच त्यानं डिक्शनरी मागितली. त्याची बोटं पानांवरून नुसती घसरत होती. ग्रंथपाल भाऊसोंनीच शब्द काढून दिला : सगळीकडं पसरलेलं.

“मुळात लॅटिन आहे,” ते म्हणाले. “त्या शब्दाच्या पोटात पेरायचं बी आहे. मुठीनं रानभर बी फेकतात, तसं.” मग त्यांनी हा शब्द कुठं भेटला ते विचारलं. मास्तरनं सांगितल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. “निघा तुम्ही.”

मिरजेच्या स्टँडवर बनाबाई बाकावर आडवी झाली होती. आई उशाशी बसली होती.

“आई, म्या खोटं सांगितलं. मला त्यो शब्द येत नव्हता. रोग अंगभर पसरलाय तिच्या.”

बायडाबाईनं लेकीच्या कपाळावर हात ठेवला. मग गाठोडं उचलून म्हणाली, “तवाच सांगायचं. दुसऱ्या कुनाला इचारलं असतं.”

एसटी गेली. तिघं टांग्यानं दवाखान्यात परतली. सकाळी डॉक्टरांनी क्षयाचं नाव घेतलं. महिनोन्‌महिने इंजेक्शनं झाली, दीड वर्ष गोळ्या. बनाबाई उठली, पण त्या इंजेक्शनांनी तिचे कान मंदावले. पुढं रानात तण काढायला, भांगलायला जायला लागली, तेव्हा भाकरीची वेळ झाली की मास्तर सरीतून चालत तिच्यापर्यंत जायचा आणि खांद्याला हात लावायचा.